स्मृतिभ्रंशाची दिनसेवा आणि माणसाचे खाजगीपण

वार्धक्यात जडणाऱ्या विकारांपैकी स्मृतिभ्रंश हा विकार असा आहे की, त्यात रोग्याविषयीची जवळजवळ सर्व माहिती रोग्याखेरीज इतरांकडून मिळवावी लागते. गुडघा दुखत असेल तर माणूस गुडघ्यावर हात ठेवून दाखवितो. दमा असेल तर रात्र कशी गेली ते स्वतः सांगतो. स्मृतिभ्रंशात रात्र कशी गेली हेच सकाळी आठवत नाही. मग मुलगा सांगतो, सून सांगते, घरी कामाला येणारी बाई सांगते. आणि ज्याच्याविषयी हे सारे सांगितले जात असते तो माणूस तेथेच खुर्चीवर बसलेला असतो. त्यातले काही त्याला कळते, काही कळत नाही. पण आपल्याविषयी बोलणे चालले आहे एवढे त्याला बहुधा कळतेच.

दिवसभर देखभाल करणाऱ्या केंद्रांत हा प्रसंग रोज दोनदा घडतो. सामान्य बोलण्यात 'डे केअर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थांना आपण येथे दिनसेवा केंद्रे म्हणू. वृद्ध माणसाला सकाळी तेथे आणून सोडावयाचे, दिवसभर त्याने समवयस्कांच्या संगतीत काही हलके काम, गाणी, खेळ, जेवण, विश्रांती यांत वेळ घालवावयाचा आणि संध्याकाळी घरी परतावयाचे, अशी ही व्यवस्था असते. घरच्या माणसांना नोकरीधंद्यासाठी किंवा निव्वळ विसाव्यासाठी काही तास मिळतात, आणि वृद्धाचे घरही तुटत नाही. आपल्या देशात या कामाला संघटित रूप येण्याच्या दृष्टीने १९९२ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी डॉ. के. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने केरळात 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर निरनिराळ्या शहरांतून स्वयंसेवी संस्थांनी अशी केंद्रे उघडली. गरजेच्या मानाने ती अत्यल्प आहेत. २०१० साली या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील स्मृतिभ्रंशग्रस्तांची संख्या सुमारे ३७ लाख धरली होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे या विकाराने ग्रस्त आहेत.

रुग्णालयात रोगी एकदा दाखल होतो आणि एकदा घरी जातो. दिनसेवा केंद्रात तो रोज दाखल होतो व रोज घरी जातो. त्यामुळे घर आणि केंद्र यांच्यामध्ये माहितीची सतत ये-जा चालू राहते, आणि ही ये-जा थांबविणे शक्यही नाही, इष्टही नाही. रात्री झोप लागली का, सकाळची गोळी दिली का, शौचास झाले का, पडझड झाली का, हे सकाळी केंद्राला कळले नाही तर दिवस धोक्याचा जाईल. दुपारी किती जेवण गेले, पाणी किती प्यायले, चार वाजल्यानंतर अस्वस्थता वाढली का, हे संध्याकाळी घराला कळले नाही तर रात्र कठीण जाईल. मधुमेहाचे इंजेक्शन घरी एकदा आणि केंद्रात पुन्हा एकदा दिले गेले, तर माहिती न सांगण्याची किंमत प्राणांवर बेतू शकते. तेव्हा या विषयाचा विचार करताना 'काहीच सांगू नये' ही भूमिका आरंभीच बाजूला ठेवावी लागते. प्रश्न सांगावे की नाही हा नसून, काय, कोणाला, कोठे आणि कोणाच्या संमतीने सांगावे हा आहे.

'कोठे' या शब्दाकडे सहसा दुर्लक्ष होते. सकाळी नऊच्या सुमारास केंद्राच्या दारात काय चालते ते पाहावे. मुलगा स्कूटर चालू ठेवूनच उभा असतो. कचेरीची वेळ झालेली असते. मागून दुसऱ्या कुटुंबाची रिक्षा आलेली असते. "काल रात्री पुन्हा अंथरूण ओले केले, आणि आज आंघोळीला इतका त्रास दिला की विचारू नका," असे तो उंच आवाजात सांगतो, आणि सेविका तितक्याच उंच आवाजात "बरं, बरं" म्हणते. रिक्षावाला ऐकतो, शेजारचे कुटुंब ऐकते, आणि जिच्याविषयी हे बोलले गेले ती आईही ऐकते. हा मुलगा निर्दय आहे असे मुळीच नव्हे. तो रात्रभर जागलेला आहे. पण ज्या बाईने आयुष्यभर पदर सावरून वावर केला, तिची सर्वांत लाजिरवाणी गोष्ट चार परक्या माणसांपुढे सांगितली गेली, आणि ती सांगितली जाताना तिची गणना खोलीतल्या सामानात झाली. हीच गोष्ट एका चिठ्ठीवर लिहून देता आली असती, किंवा आतल्या खोलीत दोन मिनिटे बसून सांगता आली असती. अनेक केंद्रांतून घर आणि केंद्र यांच्यात रोज फिरणारी एक लहान वही ठेवतात. तिचा मोठा लाभ हाच की, दारातले बोलणे आपोआप कमी होते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. खाजगीपण ही कल्पना आपली नव्हे. एका खोलीत सहा माणसे निजणाऱ्या देशात तिचे कौतुक काय, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हा आक्षेप वरवरचा आहे. घर लहान असले तरी कोणासमोर काय बोलावे, कोणी कोणत्या वेळी कोठे डोकावू नये, याचे काटेकोर संकेत प्रत्येक घरात असतात. मर्यादा हा शब्द आपल्याकडे त्याच अर्थाने वापरला जातो. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण ज्या समाजाने घडविली त्याला गुप्ततेचे मोल कोणी शिकवावयास नको. खरी अडचण निराळी आहे. ही झाकलेली मूठ बहुधा कुटुंबाची असते, माणसाची नसते. नातीचे लग्न ठरावयाचे आहे, वेडाचा ठपका घराण्यावर येऊ नये, म्हणून आजोबांचा विकार शेजाऱ्यांपासून, सोयऱ्यांपासून, कधी कधी त्यांच्या सख्ख्या भावापासूनही लपविला जातो. आणि त्याच आजोबांच्या अंगावरचे कपडे दार उघडे टाकून बदलले जातात. कुटुंबाची गुप्तता आणि व्यक्तीचे खाजगीपण या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुष्कळ वेळा त्या एकमेकींच्या विरुद्धही जातात, हे ध्यानात घेतल्याखेरीज दिनसेवा केंद्राच्या अडचणींचा उलगडा होत नाही.

भाऊ भेटावयास यावा अशी आजोबांची इच्छा असू शकते, आणि घरच्यांनी त्याला आजाराची वार्ताच लागू दिलेली नसते. केंद्राने येथे कोणाचे ऐकावे? कायद्याने एवढे तरी स्पष्ट केले आहे की, माहितीचा मूळ धनी ती व्यक्तीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क ठरविला. ज्यांच्या अर्जावर हा निर्णय झाला ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा त्यांनी वयाची पंचाऐंशी ओलांडली होती. वृद्धांना खाजगीपणाचे काय करावयाचे आहे, असे विचारणाऱ्यांनी ही गोष्ट आठवून पाहावी. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मानसिक आजाराची जी व्याख्या केली तिच्यात स्थळकाळाचे भान व स्मृती यांच्यातील गंभीर बिघाडाचाही उल्लेख आहे. त्यामुळे बराच वाढलेला स्मृतिभ्रंश तिच्या कक्षेत येतो. या अधिनियमाच्या २३ व्या कलमान्वये आजार, प्रकृती व उपचार यांविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क त्या व्यक्तीला आहे. अपवाद मोजके आहेत. नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याचे कर्तव्य पार पाडता यावे म्हणून, अन्य आरोग्यसेवकांना शुश्रूषा करता यावी म्हणून, कोणाच्या जिवाला धोका असेल तर तो टाळण्यासाठी, न्यायालयासारख्या अधिकारी संस्थेचा आदेश असेल तर, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी माहिती देता येते. इतर कोणाला इजा होऊ नये म्हणून ती द्यावी लागली, तर ती इजा टाळण्यास आवश्यक असेल तेवढीच द्यावयाची, ही मर्यादा कलमातच घातलेली आहे.

दिनसेवा केंद्रांना हा कायदा कितपत लागू होतो हा प्रश्न मात्र सरळ नाही. मानसिक आरोग्य आस्थापनेची व्याख्या रोगी दाखल होऊन राहण्यावर किंवा तेथे ठेवला जाण्यावर आधारलेली आहे. संध्याकाळी घरी जाणाऱ्यांचे केंद्र तिच्यात बसते की नाही यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येईल. शिवाय अनेक केंद्रे डॉक्टरांवाचून, स्वयंसेविकांच्या बळावर चालतात. डॉक्टरांना बांधणारा व्यावसायिक आचारसंहितेचा गोपनीयतेचा नियम गाडीच्या चालकाला किंवा जेवण वाढणाऱ्या बाईला बांधत नाही, आणि रोजच्या माहितीपैकी पुष्कळशी माहिती याच दोघांच्या कानांवर पडते. संगणकावर व मोबाइलवर साठविलेल्या माहितीसंबंधीचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले; पण कागदी वहीत लिहिलेले आणि तोंडी बोललेले त्याच्या बाहेरच राहते. तेव्हा कायद्याचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचतात की नाही याचा काथ्याकूट करीत न बसता केंद्राने त्यातले तत्त्व आपल्या नियमावलीत लिहून घ्यावे, आणि चालकापासून संचालकापर्यंत प्रत्येकाला ते समजावून द्यावे, हे अधिक शहाणपणाचे.

संमतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. निदान झाले की माणसाची निर्णयशक्ती संपली, असा सर्वसाधारण समज असतो, आणि तो चुकीचा आहे. ही शक्ती विजेच्या दिव्यासारखी एका क्षणात मालवत नाही. बँकेचा व्यवहार ज्याला उमगत नाही त्याला आपले छायाचित्र काढू द्यावे की नाही हे चांगले सांगता येते. दुपारी गोंधळलेला माणूस सकाळी दहा वाजता नीट उत्तर देतो. अधिनियमाच्या चौथ्या कलमाने कसोटी घालून दिली आहे ती अशी: माहिती समजणे, निर्णयाच्या संभाव्य परिणामांची जाण असणे, आणि आपला निर्णय बोलून, खुणेने वा अन्य मार्गाने कळविता येणे. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही, हेही त्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की, प्रवेशाच्या दिवशी मुलाकडून एका छापील अर्जावर सही घेऊन केंद्र मोकळे होऊ शकत नाही. प्रत्येक नव्या बाबीसाठी त्या व्यक्तीला तिच्या भाषेत, लहान वाक्यांत, तिच्या चांगल्या वेळी विचारावे लागते. बंगळूरच्या केंद्रात येणाऱ्या मराठी आजींना कन्नड आयुष्यभर अवगत असले तरी विकार वाढत गेल्यावर त्या पुन्हा केवळ मराठीतच बोलू लागणे शक्य असते. त्यांना कन्नडमधून विचारलेल्या प्रश्नाला आलेली होकारार्थी मान म्हणजे संमती नव्हे.

आजार कोवळा असतानाच एक गोष्ट करून ठेवण्यासारखी आहे, आणि ती फार थोडी कुटुंबे करतात. उक्त अधिनियमाच्या १४ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमता येतो. हा प्रतिनिधी थोरला मुलगाच असला पाहिजे असे नाही. तो धाकटी मुलगी असेल, भाची असेल, जुना मित्रही असेल. आपल्या आजाराविषयी कोणाला सांगावे आणि कोणाला सांगू नये, हेही त्या वेळी सांगून ठेवता येते. केंद्राच्या दृष्टीने याचा फायदा असा की, पुढे दोन भावांत वितुष्ट आले आणि दोघेही "आईविषयी मला सांगा" म्हणून उभे राहिले, तर पाहावयास एक कागद असतो. असा कागद नसेल तर संचालिकेला स्वतःच्या अदमासाने निवाडा करावा लागतो, आणि तो बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने होतो.

प्रवेशाच्या वेळी केंद्र पुष्कळ प्रश्न विचारते, आणि त्यांतले अनेक प्रथमदर्शनी चौकसपणाचे वाटतात. लहानपण कोठे गेले, काय काम केले, पूजा करता का, आंघोळ गरम पाण्याने की थंड, कोणते गाणे आवडते, कशाची भीती वाटते? परंतु या विकारात औषधांपेक्षा या उत्तरांचाच उपयोग अधिक होतो. रेल्वेत तीस वर्षे रात्रपाळी केलेला माणूस संध्याकाळ झाली की दाराकडे धाव घेऊ लागतो, तेव्हा तो पळून जात नसून कामावर निघालेला असतो. हे ठाऊक असलेली सेविका त्याला अडविण्याऐवजी "गाडीला अजून अवकाश आहे, चहा घेऊन जा" असे म्हणते. ही माहिती दिली नसती तर त्याला धरून बसवावे लागले असते. म्हणून जीवनवृत्ताचे प्रश्न अवश्य विचारावेत. मात्र घर कोणाच्या नावावर आहे, निवृत्तिवेतन किती, मुलांचे आपसांत पटते का, असे प्रश्नही कित्येक अर्जांतून कोणतेही कारण न देता छापलेले असतात. शुल्कात सवलत हवी असेल तर उत्पन्न विचारणे रास्त आहे; एरवी ते विचारण्याचे प्रयोजन नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तराने उद्याच्या शुश्रूषेत काही फरक पडणार नाही तो प्रश्न अर्जातून काढून टाकावा.

आतापर्यंत आपण घराकडून केंद्राकडे जाणाऱ्या माहितीचा विचार केला. उलट दिशेने जाणाऱ्या माहितीचा विचार कोणी फारसा करीत नाही, आणि माझ्या मते अधिक मोठा पेच तेथे आहे. या विकारात अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि जुन्या दीर्घकाळ टिकतात. शिवाय काय बोलावे व काय बोलू नये यावरचा मनाचा पहारा सैल होतो. पन्नास वर्षे जपलेली गोष्ट एखाद्या दुपारी, भाजी निवडताना, शेजारी बसलेल्या सेविकेला सांगितली जाते. पहिले लग्न, दत्तक दिलेले मूल, कोणाशी तरी असलेली मैत्री, फाळणीच्या वेळी घडलेले आणि नंतर घरात कधीही न उच्चारलेले काही. सेविका सरळ मनाची असते, संध्याकाळी मुलगी आली की ती कौतुकाने सांगते, "आज आई किती बोलल्या!" आणि काय बोलल्या तेही सांगते. त्या रात्री त्या घरात काय होईल याची तिला कल्पना नसते. या आठवणीत भूतकाळ आणि कल्पना यांची सरमिसळ झालेली असू शकते, हाही एक धोका आहे. पण ती शंभर टक्के खरी असली तरी सांगण्याचा अधिकार सेविकेला नाही. आईने ती मुलीला पन्नास वर्षांत सांगितली नव्हती. "आज त्यांचा दिवस चांगला गेला, जुन्या आठवणी काढीत होत्या," एवढे सांगणे खरेही आहे आणि पुरेसेही आहे. वहीतही तेवढेच लिहावे.

वहीविषयी आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणे, एरवी ज्याचे मन ठिकाणावर नसते अशा माणसालाही मन ठिकाणावर असलेल्या काळात करार करता येतो. १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमात मृत्युपत्राविषयी अशीच तरतूद आहे. म्हणजे अमुक दिवशी, अमुक वेळी माणसाची स्थिती कशी होती, हा प्रश्न न्यायालयात निर्णायक ठरू शकतो, आणि त्या दिवसाची एकमेव नोंद पुष्कळदा दिनसेवा केंद्राच्या वहीत असते. घराच्या वाटणीचा वाद उपस्थित झाला की, पूर्वी कधी न फिरकलेला नातेवाईकही केंद्रात येऊन वही "जरा पाहू" म्हणतो. त्याला ती दाखवू नये. न्यायालयाने मागविली तर अर्थातच सादर करावी. परंतु वही कधीतरी तेथे जाऊ शकते हे जाणून तिच्यात निष्कर्ष लिहू नयेत, पाहिलेले लिहावे. "पूर्ण भ्रमिष्ट, कशाचेही भान नाही" या वाक्यात लिहिणाराची दमणूक अधिक आणि माहिती कमी आहे. "दुपारी तीन वाजता नातवाला भाऊ समजून हाक मारली, चार वाजता स्वतःचे नाव व गाव बरोबर सांगितले" ही नोंद डॉक्टरांनाही उपयोगी पडते आणि त्या माणसावर अन्यायही करीत नाही. "सून पैसे चोरते असे म्हणाल्या" हेही तसेच लिहावे, म्हणजे त्या म्हणाल्या एवढेच. संशय हे या विकाराचे फार सामान्य लक्षण आहे. पण सामान्य लक्षण म्हणून तो प्रत्येक वेळी खोटाच असतो असे समजणे धोक्याचे आहे.

कारण काही वेळा तो खरा असतो. दंडावर बोटांचे वळ दिसतात, वजन झपाट्याने घटते, किंवा मुलगा जवळ येताच बाई अंग आखडून घेतात. अशा वेळी गोपनीयतेचे कारण पुढे करून गप्प बसणे हा खाजगीपणाचा आदर नव्हे. येथे सांगावयासच हवे. मात्र ज्याच्यावर संशय आहे त्याला आधी सांगावयाचे नसते. काय दिसले ते तारीख-वेळेसह लिहून केंद्रप्रमुखांना आणि डॉक्टरांना दाखवावे, आणि गरज पडल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठी २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या १४५६७ या मदत-क्रमांकावर किंवा पोलिसांकडे जावे. माणूस केंद्रातून वा घरातून भटकत बाहेर पडला तर तेथेही क्षणाचा विलंब नको: वर्णन, कपडे, छायाचित्र, जुन्या घराचा पत्ता, सारे ताबडतोब द्यावे. (भटकलेली माणसे पुष्कळदा जुन्या घराच्या दिशेने जातात, म्हणून तो पत्ता महत्त्वाचा.) पण खिशात जी ओळखचिठ्ठी ठेवावयाची तिच्यावर आजाराचे नाव घालण्याची आवश्यकता नसते. "कृपया या क्रमांकावर फोन करा" हे शब्द स्थानिक लिपीत आणि दोन दूरध्वनी क्रमांक पुरेत. ती चिठ्ठी भला माणूसही वाचतो आणि लबाडही वाचतो.

छायाचित्रांचा प्रश्न अलीकडे फारच वाढला आहे. ओणम, दिवाळी, नाताळ यांचे समारंभ होतात, मुकुट घालून वृद्धांना बसविले जाते, आणि ती चित्रे दहा मिनिटांत सर्व कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटावर पोहोचतात. दुसऱ्याच्या वडिलांचे चित्र तिसऱ्याच्या मोबाइलवर का असावे, हे कोणी विचारीत नाही. देणगीदारांना पाठवावयाच्या अहवालावर तर रडवेला चेहरा मुद्दाम निवडला जातो. मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र वा अन्य माहिती तिच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देऊ नये असे २४ वे कलम सांगते. तेथे 'तिच्या' हा शब्द आहे, कुटुंबाच्या असा नाही. उत्तम केंद्रे असे समारंभ खुशाल करतात, पण ज्याचे चित्र त्याच्याच घरी पाठवितात.

या विकाराच्या इतिहासातही या प्रश्नाचा एक चमत्कारिक दाखला आहे. जर्मन डॉक्टर आलॉइस आल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथील सभेत ज्या रोगिणीची हकीकत सांगितली, तिचे नाव त्यांनी पुढच्या वर्षी छापलेल्या निबंधात दिले नाही. ५१ वर्षांची एक स्त्री, एवढाच उल्लेख केला. नवऱ्याविषयीचा मत्सर हे तिच्या आजाराचे एक अगदी आरंभीचे लक्षण होते, हे मात्र त्यांनी सांगितले; नाव नसल्याने ते कोणाला चिकटले नाही. १९९५ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयातील तिची मूळ कागदपत्रे सापडली, आणि त्यानंतर तिचे नाव, छायाचित्र व डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांना तिने दिलेली केविलवाणी उत्तरे जगभरच्या पुस्तकांतून छापली गेली. शास्त्राच्या इतिहासाला त्याचा लाभ झाला हे निर्विवाद आहे. तरीही, नाव न छापण्याची डॉक्टरांनी घेतलेली दक्षता नव्वद वर्षांनंतर एका जुन्या फायलीने निष्फळ केली, हेही तितकेच खरे. ते नाव येथे देण्याचे मला प्रयोजन दिसत नाही.

आपल्या केंद्रांतल्या फायलींचे पुढे काय होते? माणूस येईनासा होतो, शय्येला खिळतो, वारतो. आणि त्याची वही कपाटात राहते, तेथून माळ्यावर जाते, एक दिवस रद्दीवाल्याकडे जाते. रुग्णालयात दाखल झालेल्यांची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे जपून ठेवावीत असा वैद्यकीय परिषदेचा २००२ सालचा नियम आहे; दिवसापुरत्या येणाऱ्यांना तो सरळ लागू पडत नाही. केंद्राने आपली मुदत आपणच ठरवावी, ती संपल्यावर रोजच्या वह्या फाडून नष्ट कराव्यात, आणि मोबाइलवरची चित्रेही पुसावीत. जीवनवृत्ताच्या वहीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात लग्नाचा फोटो असतो, गावच्या देवळाचे वर्णन असते, आवडत्या गाण्यांची यादी असते, कधी कापऱ्या हाताने केलेली सही असते. ती नष्ट करणे जिवावर येते आणि ती कोणाही नातलगाच्या हाती ठेवणेही बरोबर नाही. ती कोणाला द्यावी हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशीच, चहा झाल्यावर, त्या माणसालाच विचारून ठेवावा आणि आलेले उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. त्या दिवशी उत्तर देणारा समोर बसलेला असतो.